शिवणीवरचा काळा थर

"उतरा, उतरा! होडीत पाणी येतंय!" आंदेग ओरडला. सरावाला निघालेली तिन्ही भावंडं काठाशीच पटापट पाण्यात उतरली.

त्याच्या बहिणीचं, वासेयाचं, तोंड एवढंसं झालं. भूर्जाच्या सालीची ही होडी मर्लीनमावशीनं अख्खा उन्हाळा खपून बांधली होती. त्यांच्या आदिवासी जमातीच्या उद्याच्या मेळाव्यात सगळ्या होड्यांच्या पुढे जायचा मान तिचाच होता. आज काठावरच्या संग्रहालयाच्या, म्हणजे फरच्या व्यापाराच्या जुन्या कोठीच्या माणसांनी ती परस्पर पाण्यात सोडून ठेवली होती.

कोठीचे व्यवस्थापक हॅल्वर्सनसाहेब काठावरून म्हणाले, "मर्लीनबाई, वाईट वाटून घेऊ नका. उद्या पुढे प्लॅस्टिकची होडी ठेवू."

काठावर उभी मावशी वल्ही गोळा करू लागली. वासेयाला ते फार लागलं.

"परवा थेंबसुद्धा आला नव्हता," ती म्हणाली. "उलटी करा होडी."

तिनं सालीच्या तुकड्यांमधल्या शिवणीला ओठ लावून हवा ओढली. मावशी असंच तपासायची. हवा आली, की तिथून पाणीही येणार.

"होडीचे मुके घेतेस?" आंदेगनं चिडवलं.

"गप रे. इथून हवा येतेय. आणि डिंक कुठे गेला?"

शिवणीवर स्प्रूसच्या झाडाचा डिंक, अस्वलाची चरबी आणि कोळशाची पूड यांचा काळा थर असतो. आता तिथे नुसते ओरखडे होते.

धाकटा मकून कोठीमागचा कचऱ्याचा डबा उपसून आला. त्याच्या मुठीत काळे तुकडे होते. "हुंगून बघ. मावशीचाच डिंक."

"साहेब, होडी कुणी खरवडली?" वासेयानं विचारलं.

साहेब कान खाजवू लागले. "उद्या फोटोवाले येणार ना, म्हणून मीच साफ करून घेतली. मला तो मळ वाटला."

"मळ?" वासेया उसळली. "पूर्वी त्याच्याच जोरावर बीव्हर प्राण्यांची कातडी तुमच्या कोठीत पोचत होती, साहेब. व्यापारी तुमचे होते, होड्या आमच्या होत्या!"

साहेबांनी मान खाली घातली. "चुकलं माझं, मर्लीनबाई."

मावशीनं चुलीवर डिंकाचं भांडं चढवलं. संध्याकाळपर्यंत तिघांनी शिवण न् शिवण लिंपली आणि ओठ लावून तपासली.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजू लागले. होडी पाण्यात कोरडी ठणठणीत उभी होती. वासेया काळे हात घासत बसली होती.

"राहू दे ते," मावशी म्हणाली आणि पुढचं वल्हं तिच्या हाती दिलं. "माझी होडी तू वाचवलीस. तूच पुढे बस. फोटोत हात नीट दिसू देत."