एकतिसावं पान

पाचव्या प्रतीतलंही एकतिसावं पान नव्हतं.

ग्रंथपाल नोरा डनिंगने पुस्तक मिटलं. 'मेणबत्त्यांचा हिवाळा'. मॅसॅच्युसेट्समधल्या त्यांच्याच गावाची, अमेरिकन क्रांतिकाळातली गोष्ट. तीन पिढ्यांनी लहानपणी ऐकलेली. शनिवारी तिचं जाहीर वाचन, आणि पाचही प्रतींतून नेमकं तेच पान कापलेलं. त्या पानावर मालक स्वातंत्र्यासाठी लढायला निघतो आणि त्याच्या घरी गुलाम असलेली दिना मेणबत्त्या ओतता ओतता हसून म्हणते, "मला कशाला हवंय स्वातंत्र्य?"

खिडकीशी पुस्तकाच्या लेखिका, ऐंशी वर्षांच्या थर्झामावशी, दर गुरुवारसारख्या ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं शिवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

नोरासमोर ओडेसा टिलरी उभी होती. त्या पानाशी आलं की आपली लेक ज्यूनी, वर्गातली एकटीच कृष्णवर्णीय मुलगी, मान खाली घालून बसते, अशी तक्रार तिनेच केली होती. तिला ग्रंथालयात मज्जाव करणारं पत्र नोराच्या खणात तयार होतं.

"पानं तुम्ही कापलीत?"

"कापायची असती तर तक्रार कशाला केली असती, बाई? चोर काय आधी वर्दी देतो?"

"मग कोणी कापली?"

"ते तुम्ही शोधा. माझं नाव मात्र तुम्हाला लगेच सापडलं!"

नोराचे कान तापले. तिने पुस्तक पुन्हा उघडलं. शिवलेल्या पुस्तकातलं एक पान कापलं की त्याच्या जोडीचं, त्याच कागदाचं दुसरं पान सुटतं. इथे एकही सुटलं नव्हतं. प्रत्येकाला बारीक टाके होते. दोऱ्याला मेणाचा वास होता.

ती खिडकीशी गेली.

"मावशी, रागावलेला माणूस पान फाडून निघून जातो. जोडीच्या पानाची माया त्याला कुठली? हे टाके तुमचे आहेत."

सुई थांबली. मावशींनी शिवणाची टोपली उघडली. आत पाच पानं. त्यांच्याखाली जुन्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची नक्कल. 'दिना, वय सोळा, पळाली आहे. आणून देणाऱ्यास बक्षीस.'

"गोष्ट लिहिताना ही जाहिरात माझ्यापाशी होती, पोरी. खरी दिना त्याच हिवाळ्यात पळाली. मी तिला हसवलं. गोष्ट गोड व्हावी म्हणून. आता शनिवारी ते हसू ऐकवणार नव्हतं, म्हणून पानं कापली."

"आणि आत्ता, ओडेसाबाईंवर आळ येत होता तेव्हा?"

"गप्प बसले. दुसऱ्यांदा."

ओडेसा जवळ आली. "पानं परत शिवा. शेजारी ही जाहिरातही शिवा. माझी ज्यूनी दोन्ही वाचेल."

मावशींना सुईत दोरा ओवता येईना. कोणी मदतीला गेलं नाही.

नोराने खणातलं पत्र काढलं. फाडायला हात उचलला, आणि तिची नजर टोपलीत लपवलेल्या पानांवर गेली. हात खाली आला. तिने पत्र ओडेसापुढे ठेवलं.

"हे मी लिहिलं होतं. तुम्हाला काही विचारायच्या आधीच."

ओडेसा शांतपणे वाचू लागली. नोरा मान खाली घालून उभी राहिली, ज्यूनी बसायची तशी.