टॉफीच्या पाठीवरचं ओझं

लाकूड टाक रे त्या शेकोटीच्या पिंपात अजून एक. आणि ब्रायोनी, तू तो फोन खिशात ठेव. उद्या सकाळी गुरं वळवायच्या शर्यतीत उतरायचंय तुम्हाला, झोपायला हवं खरं तर. पण मघाशी हा लॅकलन म्हणाला ना, की घोड्याची पाठ दुखते म्हणजे खोगीर वाईट, बाकी काही नाही... म्हणून सांगतो. ऐका, आणि मग जाऊन झोपा. झोप आली तर.

नेरिडा क्विल्टी तुम्हाला माहीत आहे. घोड्यांचं मालिश करते ती. मी घोड्यांना नाल ठोकतो, ती त्यांच्या पाठी मोकळ्या करते, त्यामुळे आमची गाठ कुठल्या ना कुठल्या पागेत पडायचीच. सुरुवातीला गावानं तिला फार छळलं. पबमध्ये कुणीतरी हटकून ओरडायचं, "नेरिडा, माझी पण कंबर धरलीय गं! खिंकाळलो तर येशील का?" ती ग्लासातून मान वर न काढता म्हणायची, "आधी खूर दाखव." असली बाई. भुताखेतावर विश्वास ठेवणारी नव्हे. खोटं बोलणारी तर नव्हेच.

तर गेल्या वर्षीचा जुलै, ऐन हिवाळा. दुसरा शुक्रवार. दोन दिवस झड लागून नुकती उघडली होती, चंद्र नव्हता, आणि वॉरविकच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला जी थंडी पडते ती तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी नेरिडा घरी सूप गरम करत होती तेव्हा अल्विन प्रॉसरचा फोन आला.

"घोडी थरथरतेय," तो म्हणाला. "येतेस का?"

"उद्या सकाळी आले तर?"

मग म्हणाला, "सकाळपर्यंत... नाही वाटत."

तिनं सूप तसंच ठेवलं आणि निघाली.

अल्विन म्हणजे काटकुळा माणूस. साठी उलटलेली, बोलणं जेवढ्यास तेवढं. बायको फार पूर्वी वारली. एकच मुलगी, टॅमसिन, एकोणीस वर्षांची. तुमच्यातल्या काहींनी तिला बघितली असेल शर्यतीत. घोडीवर अशी बसायची की घोडी कुठे संपते नि पोर कुठे सुरू होते ते कळू नये. त्या मार्चमध्ये ओढ्याकाठी गुरं गोळा करताना तिच्या घोडीचा, टॉफीचा, पाय घसरला. घोडी उजव्या कुशीवर पडली आणि टॅमसिन खाली सापडली. घोडीची पाठ अशी दुखावली होती की तिला लवकर उठताच येईना. अल्विन पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

लोक म्हणाले, गोळी घाल त्या घोडीला. त्यानं नाही घातली. म्हणाला, "शेवटच्या घटकेला माझ्या पोरीजवळ तीच होती. मी नव्हतो."

आणि त्यानं नेरिडाला बोलावलं.

महिनाभर सगळं छान चाललं होतं. नेरिडा दिवसाउजेडी जायची. पाठीवर शेक, मग मालिश, मग गाजर दाखवून मान इकडून तिकडे वळवायला लावायची, जमिनीवर दांडे टाकून त्यावरून सावकाश चालवायची. घोडीला बरं वाटलं की ती सांगते, बघितलंय ना तुम्ही? मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो, मोठ्ठी जांभई देते. टॉफी तिला बघूनच ओठ सोडायला लागली होती. नेरिडा म्हणायची, वसंतापर्यंत ही पळेल.

आणि मग एका सकाळी गेली तर पाठ लाकडाची.

तिनं पुन्हा मोकळी केली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, आधीपेक्षा वाईट. उजवी बाजू तर अशी की बोट रुतेना. घोडी हात लावू देईना. आणि नेरिडाचे हात सांगत होते की हे जुन्या दुखण्याचं नाही. हे ओझ्याचं आहे. कुणीतरी हिच्यावर बसतंय. सरळ बसता येत नाही, उजवीकडे कलून बसतंय, आणि तासन् तास बसतंय.

तिनं अल्विनला सरळ विचारलं, "कोण बसतं हिच्यावर?"

"कोण बसणार? मी एकटा राहतो इथे."

"मग तुम्ही बसता."

"टॅम गेल्यापासून मी खोगीर भिंतीवरून काढलेलं नाही," तो तडकून म्हणाला. "तुला जमत नसेल तर तसं सांग. माझ्यावर कशाला ढकलतेस?"

ती पण चिडली. "अल्विन, तुम्ही माणूस आहात, खोटं बोलू शकता. पाठ खोटं बोलत नाही."

तो तडक घरात निघून गेला. नंतर पंधरवडाभर त्याचा फोन नाही. आणि मग आला तो हा, शुक्रवारचा.

नेरिडा पोचली तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा तेवढा चालू होता. अल्विनची दोन्ही कुत्री खांबांवर उचललेल्या घराच्या खाली, पार आतल्या खांबापाशी जाऊन बसली होती. एरवी गाडी दिसली की अंगावर उड्या मारणारी. त्या रात्री नुसते डोळे चमकले.

अल्विन पायरीवर उभा होता.

"चला," ती म्हणाली.

"तू जा. दिवा लावलाय तिथे."

"तुम्ही?"

"अंधार पडल्यावर मी तिकडे जात नाही."

आपल्याच पागेत? तिला विचारायचं होतं, पण त्याचं तोंड बघून तिनं विचारलं नाही. पिशवी उचलली आणि अंगणातला चिखल तुडवत गेली.

पागेत पिवळा दिवा. फाटक उघडं. ते तिला खटकलं. आजारी जनावर आत आणि फाटक सताड उघडं? टॉफी कोपऱ्यात उभी होती. त्या थंडीत सगळं अंग कोरडं, आणि पाठीवर मात्र घाम. नेरिडानं दिव्याखाली नीट बघितलं. घामाचा आकार खोगिराचा होता. पोटाखालून तंगाचा पट्टासुद्धा.

खोगीर भिंतीवर होतं. त्यावर धुळीचा थर.

तिनं मनाला म्हटलं, घोडी आधी, बाकी मग. तळवे घासून गरम केले आणि मानेच्या बुडापासून सुरुवात केली. हळूहळू. एका जागी हात ठेवायचा, वाट बघायची, जनावरानं श्वास सोडला की पुढे सरकायचं. तिचं काम असंच. घाई चालत नाही. टॉफीची थरथर कमी झाली. मान उतरली. ओठ लोंबला. नेरिडाला हायसं वाटलं. ती गुणगुणायला पण लागली होती, म्हणाली मला.

मग टॉफीनं मान वर केली.

कान मागे फिरवले. पुढे नाही, मागे. आपल्या पाठीकडे.

नेरिडा थांबली. दोन्ही तळवे घोडीच्या पाठीवर, मधोमध.

घोडीनं पाय फाकले. चारही. सावकाश, एकेक. आता तुम्ही सांगा मला, घोडं असे पाय रोवून कधी उभं राहतं?

...हं. कुणीतरी वर चढताना.

आणि पाठ खाली गेली.

हाताखालचं मांस दबलं. आधी डाव्या अंगाला, रिकिबीवर पाय ठेवल्यासारखं. मग मधोमध. मग उजवीकडे कललं... आणि तिथेच राहिलं.

नेरिडाचे हात मध्ये होते.

घोडीची पाठ खाली. वर... काहीतरी. जड. गार. ओल्या कापडासारखं. तिनं हात ओढले. निघेनात. बोटं चेपत चालली होती. तिनं वर बघितलं. वर काही नव्हतं. दिवा होता. छप्पर होतं. मध्ये काही नव्हतं.

"कोण..." ती म्हणाली.

टॉफी चालायला लागली. फाटकाकडे. एकेक पाऊल, कण्हत. हात अडकलेली नेरिडा तिच्याबरोबर फरफटत. फाटकाबाहेर अंधार. अंधारात उतार. उताराखाली तो ओढा.

तेव्हा ती किंचाळली. "अल्विन! अल्विन!"

पायरीवरची सावली हलली नाही.

"अल्विन, मरेल हो ही! तुमची घोडी मरेल!"

...मग चिखलातून पावलं आली. चपकचपक, धावत. अल्विन फाटकात येऊन उभा राहिला. घोडी थांबली.

त्यानं नेरिडाचे अडकलेले हात बघितले. मग जरा वर, जिथे काही नव्हतं तिथे बघितलं. त्याला काय दिसलं, देव जाणे. पण तो दचकला नाही. आणि नेरिडा म्हणते, तिला सगळ्यात जास्त भीती तिथे वाटली.

"फाटक मीच उघडं ठेवतो," तो हळू म्हणाला. "रोज रात्री. टापा ऐकू येतात घराभोवती. मी आत पडून ऐकतो. तेवढंच उरलंय माझ्याकडे, नेरिडा."

"अल्विन... हिची पाठ बघा."

त्यानं बघितलं. टॉफीचे गुडघे लटपटत होते. तोंडातून फेस गळत होता. जनावर डोळे मिटून उभं होतं, मार खायची सवय झाल्यासारखं.

अल्विन एक पाऊल पुढे आला.

"टॅम," तो म्हणाला. "उतर, बाळा. घोडी दमली."

काही नाही.

"मी सांगितलंय तिला आधी," तो नेरिडाला म्हणाला. "एकदा नाही, कितीदा. ऐकत नाही. पाय चिरडलेत, चालायचं कसं, म्हणते."

नेरिडाला काही ऐकू आलं नव्हतं. एक अक्षरही नाही.

दिवा जरासा हलला. बाहेर वाऱ्यानं पानसुद्धा हलत नव्हतं.

अल्विननं टोपी काढली. फाटकावर अडकवली. मग घोडीकडे पाठ केली... आणि वाकला. हात मागे घेऊन, गुडघे मुडपून. पोर लहान असताना, जत्रेतून दमून येताना बाप वाकतो ना... तसा.

"ये," तो म्हणाला. "घोडीला सोड. माझ्याकडे ये."

"अल्विन, नको," नेरिडा म्हणाली. "अल्विन!"

तिच्या बोटांवरचं ओझं गेलं.

एका क्षणात. घोडीची पाठ वर आली, लाटेसारखी. टॉफीनं असा श्वास सोडला की छपराखालची पाखरं उडाली. नेरिडा मागे पडली. उठून बघते तर अल्विन अजून वाकलेलाच. त्याच्या तोंडातून 'हं' असा आवाज आला, पोतं पाठीवर घेताना येतो तसा. मग त्यानं हात मागे नेऊन... काहीतरी सावरलं. आणि चालायला लागला. घराकडे. सावकाश. मागे बघितलं नाही. ती हाका मारत राहिली, त्यानं ओ दिली नाही.

स्वयंपाकघरातला दिवा गेला.

नेरिडा रात्रभर घोडीच्या गळ्यात हात टाकून बसली. तांबडं फुटल्यावर तिनं मला फोन केला, "डेस, घोडा न्यायची गाडी घेऊन ये. काही विचारू नकोस." मी गेलो. टॉफी गवत खात होती, शांत. आज ती नेरिडाकडे आहे, पाठ लोण्यासारखी मऊ. पण नेरिडा तिच्यावर कुणाला बसू देत नाही.

आम्ही घराच्या दाराशी गेलो. दार आतून बंद. मी हाक मारली.

"घोडीला न्या," अल्विन आतून म्हणाला. आवाज त्याचाच, पण दमलेला, धाप लागलेला. "मी बरा आहे. आत येऊ नका."

"अल्विन, चहा तरी टाक रे," मी म्हटलं. उगाच. काहीतरी बोलायचं म्हणून.

आतून तो हळू म्हणाला, "हळू बोल. आत्ता कुठे झोपलीय."

त्यानंतर तो गावात आलेला नाही. गावातले लोक वाणसामान रस्त्यावरच्या फाटकाशी ठेवतात, तो ते कधीतरी आत नेतो.

आता जाऊन झोपा म्हणतो मी... पण एक राहिलं. हे नेरिडानं सांगितलेलं नाही, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

पायरीवरून उतरताना मी अंगणातला चिखल बघितला. घराकडून पागेकडे धावत गेलेले अल्विनचे ठसे होते. साधे. काटकुळ्या माणसाचे असतात तसे. मी त्याच्या दुप्पट वजनाचा. मी शेजारी माझा बूट दाबून बघितला, तर माझा ठसा त्याच्यापेक्षा खोल उमटला.

आणि पागेकडून घराकडे परत आलेले ठसे... पहिला माझ्या ठशाएवढा. दुसरा त्याहून खोल. तिसरा त्याहून. घर जवळ येईल तसे खोल, आणखी खोल. पायरीजवळच्या शेवटच्या ठशात पाणी साचलं होतं. मी खाली बसून त्यात हात घातला.

कोपर बुडालं... तळ लागला नाही.