आजीचे वाल आणि चढणारं पाणी

कुंडीतली माती ओलीगच्च होती. बोट खुपसलं तर बोटाला चिखल लागत होता. आणि तरीही वालाच्या रोपानं मान टाकली होती. पानं तहानेनं सुकल्यासारखी लोंबत होती. पाण्यात उभं राहून कुणी तहानेनं मरतं का?

शाल्मलीला त्या क्षणी उत्तर नको होतं, रोप हवं होतं. तिनं आपल्या बाटलीतलं उरलंसुरलं पाणी कुंडीत ओतलं. चांद्रवस्तीत पिण्याचं पाणी माणशी मोजून मिळे. शाल्मली दिवसभर घसा कोरडा ठेवून रोपासाठी पाणी वाचवायची.

दुसऱ्या दिवशी रोप आडवं झालं.

वाल आजीचे होते. रोह्याजवळच्या तिच्या शेतातले कडवे वाल. चंद्रावर निघताना आजीनं आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून ती पुरचुंडी शाल्मलीच्या मुठीत कोंबली होती. "तुझी आई यांचं बिरडं करील. पण थोडे पेर हो. मी आले की शेंगा दाखव."

आजी येणार नव्हती, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. या वर्षी ती गेली. यान वर्षातून एकदाच सुटतं, त्यामुळे आजीला शेवटचं पाहिलं ते पडद्यावर. चित्रसुद्धा मध्येच अडकलं.

पुरचुंडीत आता दोनच दाणे उरले होते.

"पेर ना ते," आई म्हणाली. हवा शुद्ध करणाऱ्या विभागातली ड्यूटी संपवून ती नुकतीच आली होती.

"मरायलाच पेरू?"

"असं बोलू नये, शमू."

"का? तू बोललीस ते कुठं खरं झालं? आजीला भेटायला जाऊ म्हणाली होतीस."

आईनं पायातले बूट काढले. ते जागेवर ठेवायला तिला फार वेळ लागला.

तेवढ्यात कपाटातून आवाज आला. "मी बोलू का?"

तो गडू होता, घरातलं पाणी मोजणारा त्यांचा यंत्रमानव. दिसायलाही पाण्याच्या गडूसारखाच गोल.

"तुला कुणी विचारलं?" शाल्मली खेकसली.

"कुणीच नाही. विचारल्याशिवाय 'रोपाला पाणी पुरे' म्हणालो, म्हणून तर तू मला इथं डोकं खाली करून ठेवलंस."

आईला हसू आलं. तिनं गडूला बाहेर काढून सुलटं केलं.

"रोप तहानेनं मेलेलं नाही," गडू म्हणाला. "ते बुडून मेलं."

"खोटं! कुंडीला खाली भोक आहे. जास्तीचं पाणी गळून जातं."

"पृथ्वीवर जातं. इथं काय होतं ते बघ."

गडूनं जमिनीवर एका ताटलीत बिटाच्या रसानं लाल केलेलं पाणी ठेवलं. त्यात काचेच्या तीन नळ्या उभ्या धरल्या. एक अंगठ्याएवढी जाड, दुसरी पेनाच्या कांडीसारखी, तिसरी केसासारखं भोक असलेली. जाड नळीत पाणी जेमतेम हललं. दुसऱ्या नळीत ते काही बोटं चढलं. तिसऱ्या नळीत मात्र एक लाल रेघ सावकाश चढत चढत शाल्मलीच्या कमरेपर्यंत आली.

शाल्मली रुसवा विसरली. "कोण ओढतंय तिला?"

"काच. पाण्याचे कण काचेला चिकटतात आणि कडेकडेनं वर सरकतात. ते एकमेकांनाही घट्ट धरून असतात. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा होतो. त्याला पृष्ठताण (पृष्ठभागावरचा ताण) म्हणतात. कडेचे कण वर गेले की मधल्यांनाही ओढून घेतात. हे झालं केशाकर्षण (केसासारख्या बारीक नळीत द्रव आपोआप वर चढणं)."

"मग थांबतं कुठं?"

"वर चढलेल्या पाण्याचं वजन त्या ओढीएवढं झालं, की तिथं. जाड नळीत पाणी फार आणि ओढणारी कड त्या मानानं थोडी. म्हणून ते लवकर थकतं. बारीक नळीत पाणीच थोडं, म्हणून ते उंच जातं. पृथ्वीवर या नळीत ते वीतभर चढलं असतं."

शाल्मलीनं वीत लावून मोजलं. "इथं सहा वीत!"

"कारण चंद्राचं गुरुत्वाकर्षण (खाली खेचणारं बळ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढं आहे. तेच पाणी इथं सहापट हलकं होतं."

"पण मातीत नळ्या कुठं असतात?"

"कणांच्या मधल्या फटी म्हणजे नळ्याच की. कण बारीक, तर फटीही बारीक. पृथ्वीवरच्या कुंडीत तळाशी थोडी माती गच्च राहते आणि वरून पाणी निथळलं की तिथं हवा शिरते. इथं पाणी तळापासून काठापर्यंत धरून राहिलं. मुळांनाही श्वास घ्यायचा असतो, शाल्मली. गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. पानं तहानलेली दिसतात, आणि तुम्ही आणखी पाणी घालता."

"तुम्ही म्हणजे? मी एकटीच घालत होते."

गडू आईकडे वळला. आई नळीतल्या लाल रेघेकडे बघत होती.

"मीही घालायचे," ती म्हणाली. "पहाटे ड्यूटीला जाताना. माझ्या वाटणीचं. तू झोपलेली असायचीस." मग म्हणाली, "आणि ती चंद्राच्या खडकाची माती मीच चाळली, चहाच्या गाळणीनं. अगदी मैद्यासारखी केली. आजीचे वाल मऊ जागी पडावेत म्हणून."

दोघी तहानलेल्या राहिल्या होत्या आणि रोप बुडालं होतं.

शाल्मलीला ओरडायचं होतं, पण कुणावर ते कळेना. ती आईच्या कुशीत शिरली आणि पुष्कळ रडली. आईही रडली.

"आजी वालाला कधी पाणी घालत नसे," आई डोळे पुसत म्हणाली. "भात कापलं की त्याच शेतात वाल पेरायचे. जमिनीतली ओल खालून वर चढायची, तेवढी पुरायची."

"हे तू आत्ता सांगतेस?"

"मला तरी कुठं आठवलं गं? भीती वाटली की माणूस पाणी घालतच सुटतं."

शाल्मलीनं नाक पुसलं. "म्हणजे फटी मोठ्या हव्यात. मैदा नको, रवा हवा."

"जाडा. लापशीचा," गडू म्हणाला.

गाळणीत उरलेली जाड भरड आईनं टाकून दिली नव्हती. ती त्यांनी कुंडीत भरली. पुरचुंडीच्या चिंधीची वात वळून तिचं एक टोक कुंडीखाली ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यात सोडलं, दुसरं भोकातून कुंडीत. आता पाणी खालून येणार, आणि थोडंच. दोन्ही दाणे पेरले.

एक कुजला. दुसरा उगवला.

"गडू, मंगळावर पाणी किती चढेल रे?" शाल्मलीनं एकदा कोवळ्या पानाकडे बघत विचारलं.

"तुझ्या अडीच वितींपेक्षा थोडं जास्त."

"मग तिथली भरड वेगळी लागेल. या वेलाच्या पहिल्या शेंगा खायच्या नाहीत. सगळ्या पेरायच्या."

एका पहाटे तिला जाग आली. आई कुंडीपाशी उभी होती, हातात पाण्याचा पेला.

"आई!"

आईचा हात थांबला. "एकच घोट, शमू. बघ ना, किती बारकं आहे."

"नको. त्याला येतंय खालून."

आई वातीच्या ओल्या चिंधीकडे बघत राहिली. मग तिनं पेला तोंडाला लावला. अर्धा स्वतः प्यायली आणि उरलेला शाल्मलीपुढं धरला.