आक्काची साक्ष

"किल्ली कुठं ठिवलीस रं उदय? किल्ली?"

डेअरीतून नुकतीच परतलेली आक्का अंगणातून ओरडत होती आणि उदयसिंह आपले तेच ते रिकामे खिसे पुन्हा पुन्हा चाचपत होता... भर उन्हात गाडी उभी, काचा गच्च बंद, आणि मागच्या सीटवर त्याची तीन महिन्यांची लेक, लालबुंद झालेली, रडून रडून आता आवाजसुद्धा न फुटणारी! किल्ली कुठं होती? गोठ्यात? पाण्याच्या टाकीवर? त्याला काही म्हणजे काही आठवेना. शेवटी आक्कानंच गोठ्यातली पहार उचलली आणि पुढची काच फोडली.

झालं होतं ते सांगायलाही लाज वाटावी असं. "जरा बघा हं तिला, मी केस धुवून येते," असं म्हणून अनुजा न्हाणीघरात गेली होती. लेक किरकिर करत होती. गाडीत बसवलं की ती झोपते, म्हणून त्यानं उचगावातून एक चक्कर मारली, पोर झोपली, अंगणात गाडी लावून तो दुधाची बाटली आणायला आत निघाला, सवयीनं किल्लीचं बटण दाबलं, आणि वाटेत गोठ्याच्या दारात त्याला धार काढायच्या मशीनची नळी सुटलेली दिसली. एवढी नळी बसवू आणि जाऊ... बस्स! त्या क्षणाला लेक त्याच्या मनातून पुसून गेली, पाटीवरचं अक्षर पुसावं तशी. ज्या लेकीसाठी तो रात्ररात्र जागला, जिच्या मुठीत आपलं बोट देऊन तो तासन् तास बसे, ती लेक! देवा, असा कसा बाप घडवलास तू?

ओल्या केसांनी अनुजा बाहेर आली. तिनं काचांचा सडा पाहिला, आक्काच्या हातातली घामानं निथळणारी पोर पाहिली, आणि लेक काढून घेतली. पोर वाचली. आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं दवाखान्यात म्हणाले. तिथूनच अनुजा आपल्या वडिलांबरोबर, आण्णांबरोबर, माहेरी गारगोटीला निघून गेली. जाताना तिनं नवऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

त्याच दवाखान्यातल्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी उदयला बाजूला घेतलं होतं. "असं विसरणं नेहमी होतं का हो तुमचं?" त्यांनी मायेनं विचारलं, आणि उदयला पहिल्यांदा त्याचं उत्तर शोधावं लागलं. राजारामपुरीतल्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर मगदूमबाईंचं नाव त्यांनीच सुचवलं. मोठ्या माणसांतही एडीएचडी असतो, चित्त एका जागी ठरत नाही, तपासून घ्या म्हणाले. हे कळल्यावर आण्णांचा निरोप आला, "काय असंल ते आमच्या म्होरं होऊ दे. आजार असंल तर औषध करू, माणसाला आजारासाठी कुणी टाकत न्हाय. पण आजार नसंल, तर पोरगी आणि नात माझ्याकडंच राहील."

म्हणजे त्याचं सगळं घर आता त्या एका तपासणीवर टांगलेलं होतं.

लहानपणापासून उदयचं गावात नाव होतं. हुशार, टापटीप, फाउंड्रीतला इंजिनिअर! आई गेली तेव्हा तो नुकता शाळेत जायला लागला होता, पाठोपाठ वडील गेले, आणि थोरल्या बहिणीनं, आक्कानं, शाळा सोडून म्हशी आणि भाऊ दोन्ही पदरात घेतले. तिनं लग्न केलं नाही. का नाही केलं, हे त्यानं कधी विचारलंही नव्हतं. तिचा स्वभावच करडा, कोण करणार तिच्याशी लग्न, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. शर्ट घातलास का, डबा घेतलास का, फोन कुठं हाय, लाइटचं बिल भर... तिची ही दिवसभराची टकळी ऐकून तो चिडायचा. "मी काय कुक्कुलं बाळ हाय व्हय?" असं म्हणायचा. आक्का किल्ली तेवढी त्याच्या हातात ठेवायची.

डॉक्टर मगदूमबाई शांत होत्या, पण त्यांचा एकेक प्रश्न म्हणजे अंगावरचं एकेक वस्त्र उतरवणं होतं! कुणी बोलत असताना मन भलतीकडे जातं का? हातातलं काम अर्धं टाकून दुसरं धरता का? वस्तू हरवतात? व्हय... व्हय... व्हय. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठराविक अक्षर आलं की बटण दाबायचं, एवढीच एक परीक्षा होती, आणि ज्यानं आयुष्यभर पहिला नंबर सोडला नाही तो उदयसिंह त्या पोरखेळात घामाघूम झाला. त्याला आतून गदगदून येत होतं. इतकी वर्षं जगापासून, आणि स्वतःपासूनही, लपलेला एक केविलवाणा माणूस कुणीतरी हाताला धरून उजेडात आणत होतं... आणि नवल असं की त्या भीतीतसुद्धा त्याला हलकं वाटत होतं. याला नाव आहे म्हणजे यावर उपाय आहे. लेक परत मिळेल.

"हे मोठेपणी अचानक उगवत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "लहानपणापासून असावं लागतं. शाळेचे दाखले तर उत्तम मार्कांचे आहेत. तुम्हाला लहानपणी जवळून पाहिलेलं माणूस मला हवं."

असं माणूस जगात एकच होतं. आक्का ठेवणीतली साडी नेसून आली. खोलीत आण्णा होते, लेकीला मांडीवर घेऊन अनुजा होती. डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी कसा होता हो भाऊ तुमचा?"

आक्कानं पदर सावरला, एकदा आण्णांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमचा उदय म्हंजे घड्याळ बघा, डॉक्टरीणबाई. सांगायला लागायचं न्हाय कधी. दप्तर जागच्या जागी, अभ्यास येळच्या येळी. एक वस्तू हरवली न्हाय त्यानं."

हीच वाक्यं... अगदी हीच, ह्याच आवाजात, उदयनं ऐकली होती. गारगोटीला अनुजाच्या घरी सोयरीक ठरवायला गेले होते तेव्हा, आण्णांच्या सोप्यात, पोह्यांच्या ताटल्यांसमोर! आक्काला डॉक्टरचा प्रश्न ऐकूच आला नव्हता. समोर सोयरे बसलेत, भावाची चौकशी चाललीय, एवढंच तिला दिसलं होतं, आणि सोयऱ्यांसमोर आपल्या माणसाचं उणं काढायचं नाही हे तिच्या हाडीमासी भिनलेलं होतं. डॉक्टरांनी परोपरीनं, वेगवेगळ्या वाटांनी विचारून पाहिलं. आक्का ढळली नाही.

"मग आज तरी मला निदान लिहिता येणार नाही," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "बाळ लहान आहे, झोप होत नाही, त्यानंही असं..."

"म्हंजे आजार न्हाय," आण्णा उठलेच. "झालं तर. माणसाचं पोरीवर ध्यान न्हाय, एवढंच."

"तसं मी म्हटलेलं नाही," डॉक्टर म्हणत होत्या, पण ऐकायला कोण थांबलं होतं! अनुजा उठली. त्या दिवसानंतर प्रथमच तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या नजरेत उदयला कळलं, की तीही आशेनं आली होती. याला काहीतरी कारण असू दे, असं तीही वाटभर म्हणत आली असेल... आता तिला कारण उरलं नव्हतं. लेकीचं टोपरं नीट करून ती जिना उतरून गेली.

बहीणभाऊ घरी आले. चुलीपुढं बसलेल्या आक्कासमोर उदय उभा राहिला.

"खोटं का बोललीस?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची असतीया, बाबा," आक्का भाकरी थापता थापता म्हणाली. "आण्णा तोंडानं काय बी म्हणूदेत, येडा म्हणून कागूद झाला असता, तर त्या कागदावर त्यांनी पोरगी कायमची न्हेली असती."

"आणि आता काय झालं? आता मी आजारी न्हाय, आक्का. आता मी नुसता नालायक हाय."

आक्काचा हात परातीतच थांबला. उदयनं तिच्यादेखत अनुजाला फोन लावला. त्याचा आवाज इतका कोरडा होता की त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"अनुजा, लेकीला तिथंच ठेव. मी मागणार न्हाय. तिचं पहिलं पाऊल, पहिला शब्द... काय असंल ते तू बघ. माझ्याजवळ तिच्या जिवाला धोका हाय, आणि का हाय ते मलाच ठाऊक न्हाय." पलीकडून फोन बंद झाला. आक्कानं तव्यावरची भाकरी करपू दिली.

सकाळी म्हशींच्या हंबरण्यानं उदयला जाग आली. धारा निघाल्या नव्हत्या! ताप असो, पाऊस असो, आक्काची धार कधी चुकली नव्हती. घरात आक्का नाही, परड्यात नाही. शेजारच्या धोंडुबाई म्हणाल्या, "पहाटंच्या गारगोटी गाडीनं गेली की. मला म्हशींचं बघ म्हणाली हुती, आत्ता निघालोच बघ."

उदयनं मोटारसायकल काढली. गारगोटीत आण्णांच्या दारात पोचला तेव्हा आतून आक्काचा आवाज येत होता. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"झाकली मूठ बरी म्हणून खोटं बोललो मी, आण्णा. काल बी बोललो आणि सोयरिकीच्या दिवशी बी बोललो. दर आठवड्याला दप्तर हरवायचा त्यो. परीक्षेला म्हणून निघायचा आणि वाटंत सुताराचं काम बघत बसायचा. म्हशी तशाच सोडून मी त्याला वर्गाच्या दारापतुर न्हेऊन सोडायचो. रातीला शेजारी बसून धडा म्हणून घ्यायचो. मुरगूडचं एक स्थळ आलतं मला. माणूस बी मनाला आलता. पण म्हटलं मी गेलो तर ह्याला जेवायची आठवण कोण करणार? न्हाय म्हणून सांगितलं. त्याला बोललो न्हाय कधी. त्याचं ध्यान म्हंजे मी हुतो, आण्णा. त्या दिवशी डेअरीत गेलतो, एवढंच..."

दाराबाहेर उदयनं चौकट घट्ट धरली. करडा स्वभाव! कोण करणार तिच्याशी लग्न! आपल्या एकेका पहिल्या नंबराखाली बहिणीचा संसार गाडलेला होता, आणि आपण तिच्यावर खेकसत राहिलो... त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

आत अनुजाचा आवाज आला. तो रडवेला नव्हता, संतापानं थरथरत होता. "वन्सं, तुम्ही त्यांच्यासाठी जन्म घालवलात, कबूल. पण मला का नाही सांगितलं? मला घड्याळ म्हणून माणूस दिलात. मी विश्वासानं लेक त्यांच्यावर टाकून डोक्यावर पाणी घेत बसले होते. मला माहीत असतं तर मी तिला न्हाणीच्या दारात निजवलं असतं. तुमच्या झाकल्या मुठीत माझी पोर गुदमरली, वन्सं."

मग आक्का वाकली. वडीलधारी नणंद धाकट्या भावजयीच्या पायांशी! "डॉक्टरीणबाईला सगळं सांगतो. फसवून सोयरीक केली म्हणून गावाम्होरं सांगाय लावलंस तरी सांगतो. माझ्या पापाचं माप त्याच्या पदरात घालू नगंस, बाई."

उदयला राहवलं नाही. तो आत गेला आणि त्यानं आक्काला दोन्ही हातांनी उठवलं. "पुरे आक्का... पुरे गं." बहीणभाऊ एकमेकांना धरून रडत राहिले. आण्णांनी तोंड भिंतीकडं फिरवलं, उपरण्यानं डोळे टिपले आणि म्हणाले, "बसा पावणं. बसून घ्या."

मग अनुजा म्हणाली, "पुन्हा जाऊ डॉक्टरांकडे. सगळे जाऊ. औषध सुरू होईल, तुम्हाला जरा बरं वाटेल, तोवर मी इथंच राहणार. आणि लेक तुमच्याजवळ एकटी ठेवणार नाही. हे मी रागानं सांगत नाही."

"व्हय," उदय म्हणाला. त्यात त्याला अन्याय वाटला नाही.

अनुजा आत गेली आणि झोपेतल्या लेकीला घेऊन आली. ती त्याच्यापुढं वाकली. "घ्या. मी इथं समोर बसते. उठणार नाही."

त्यानं हात पुढं केले. आक्काच्या ओठांवर सवयीनं शब्द आले, मान धर, मानेखाली हात घाल... आणि तिनं पदर तोंडात कोंबला. जन्मात पहिल्यांदा तिनं भावाला काही आठवण करून दिली नाही. उदयचा हात आपसूक लेकीच्या मानेखाली गेला.