रिकाम्या लिफ्टचा आकडा

सासऱ्याच्या कारखान्यात जावयाने नोकरी धरावी म्हणजे पंगतीला बसल्या बसल्या भांडीही घासावीत. मान कुठे संपतो आणि काम कुठे सुरू होतं, त्याचं त्यालाच कळत नाही. लिफ्टचे प्रोग्राम लिहिणारा आपला जावई हे रोज सोसत होता. सासरे आता थकले होते. खुर्ची मुलाला द्यायची की जावयाला, ते या नव्या लिफ्टवर ठरणार होतं.

प्रोग्राम होताही नामी. आत किती माणसं आहेत ते लिफ्ट कॅमेऱ्यातून आपली आपण मोजायची आणि दाराच्या वर, आतून-बाहेरून, आकडा दाखवायची. फक्त तो जावयाचा नव्हता. कुण्या परक्या गृहस्थाने तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवला होता. 'खुशाल वापरा, वरचं माझं नाव तेवढं राहू द्या,' एवढंच त्याचं मागणं. जावयाने आधी ती नावाची ओळ उडवली, मग बाकीचं वाचलं.

चाचणीच्या दिवशी भर दुपारी, लख्ख उजेडात, लिफ्टचं दार उघडलं. आत कोणी नाही. आकडा एक.

"भावोजी, माशी मोजली वाटतं," मेहुणा म्हणाला. "तिलाही पगार सुरू करू का?"

"कॅमेऱ्यावर धूळ असेल."

जावयाने दारातूनच हात लांबवून काच पुसली. लॅपटॉपवर प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. एक. टेकायला म्हणून त्याने आतल्या कठड्याला हात लावला, तर तो कोमट. कुणी आत्ताच हात काढून घ्यावा तसा. समोरच्या आरशावर, बराच वर, वाफेचा डाग धरत होता, विरत होता, पुन्हा धरत होता.

ती ओळ परत घालायला कितीसा वेळ लागला असता? पण मेहुणा खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावत होता.

तेवढ्यात सासरे आले. "काय जावईबापू, हे सगळं तुमचंच ना?"

"अक्षर न् अक्षर, बाबा."

लिफ्टमध्ये काहीतरी हललं. दोरच असणार.

तिघे आत शिरले. आकडा तीन. जावयाचा जीव भांड्यात पडला. लिफ्ट वर गेली, खाली आली, दार उघडलं.

मेहुणा उतरला. दोन.

सासरे उतरले. एक.

जावई उतरला.

एक.

"शाब्बास, जावईबापू!" सासरे मागे वळून लिफ्टमध्ये बघत म्हणाले. "या, या. आजपासून खुर्ची तुमची."

"बाबा, मी इथे आहे," जावई त्यांच्या कानाशी म्हणाला.

मेहुण्याने कधी नव्हे ते अदबीने दार धरलं आणि बाजूला सरून वाट दिली.

"बाबा!"

सासऱ्यांनी हात उचलला आणि समोरच्या हवेत खांदा थोपटावा तसं मायेने थोपटलं. जावयाच्या खांद्यापेक्षा वीतभर उंच.