काथ्याच्या आठ चौकटी

"कोणी नेल्या?" प्राप्तीने तिसऱ्यांदा विचारलं. प्रज्योतने भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर आठ खिळे होते. काल संध्याकाळी त्यांवर आठ चौकटी होत्या. आज शनिवारी सकाळी नुसते खिळे.

प्राप्तीचं डोकं तापलं, आणि तापायलाच हवं होतं. सुट्टीचे आठ दिवस तिने आणि पनवेलहून माइक घेऊन आलेल्या या मामेभावाने वाडीतल्या खोलीत घालवले होते. नारळाचा काथ्या पिंजला, धुतला, वाळवला आणि लाकडी चौकटींत ठासून भरला. वरून सत्यवतीआत्याची जुनी सुती लुगडी ताणून ठोकली. चौकटी टांगायच्या जागाही उगाच ठरवल्या नव्हत्या. माइकच्या जागी प्राप्ती बसायची, प्रज्योत भिंतीवरून आरसा सरकवायचा, आणि जिथे तिला आरशात आत्याची खुर्ची दिसेल तिथे खिळा. आवाज तिथूनच उलटून येतो. प्रज्योतने एवढ्या दिवसांत समुद्रात पायसुद्धा बुडवला नव्हता.

आत्या धवलारीण होती. आळीतल्या प्रत्येक लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, तिनेच गायलेले, आणि त्यातला एकही कुठे लिहिलेला नव्हता. सोमवारी तिच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. नंतर गाता येईल का, याचं उत्तर डॉक्टर देत नव्हते. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहिलं, तर खोली इतकी घुमली की शब्द एकमेकांत कालवले गेले. उद्या आत्याला मुंबईला न्यायचं होतं. हातात आजचाच दिवस होता.

"इकडे बघ," प्रज्योत खाली वाकला. उंबऱ्यावर काथ्याचे धागे होते. पुढे विहिरीपाशी होते, कुंपणाच्या काट्याला होते. कुंपणापलीकडे कमलेशकाकाचं होमस्टे.

काका पर्यटकांना पोहे वाढत होता. "चौकटी? मी कशाला नेईन? समुद्रावर जाऊन खेळा जरा."

'खेळा' हा शब्द प्राप्तीला झोंबला. ती तडक होमस्टेच्या मागे गेली. तिथे जनरेटरची कुलूपबंद खोली होती. विटांच्या भिंती, वर पत्रा. जनरेटर तेवढ्यात बंद झाला होता. तिने झरोक्यात दोन्ही हात घालून जोरात टाळी वाजवली.

टाळी आतल्या आत विरली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आठ दिवस घुमारा तपासायला ते खोलीत टाळ्याच तर वाजवत होते. पत्र्याची खोली टाळीला खणखणीत उत्तर देते. ही मुकी झाली होती.

"काका, ही खोली उघडा," प्राप्ती मागोमाग आलेल्या काकाला म्हणाली.

"चावी गड्याकडं हाय. तो गेला अलिबागला."

"बरं," प्राप्ती म्हणाली. तिच्या आवाजात आता गार राग होता. "मग पाण्याच्या बादल्या भरून ठेवा. आत सुका काथ्या आहे, आणि सायलेन्सर अजून तापलेला असेल."

काकाच्या खिशातून चावी अशी झटकन बाहेर आली, जणू गडी अलिबागहून उडतच आला होता.

आत जनरेटरला आठही चौकटी टेकवलेल्या. सायलेन्सरकडची एक करपून काळी पडली होती आणि धुमसत होती. प्रज्योतने ती बाहेर ओढून तिच्यावर पाणी ओतलं.

"पाव्हण्यांना आवाजाचा त्रास व्हतो. म्हटलं, आवाज खातात तर इथंच लावू."

"चौकटी खोलीच्या आतला घुमारा खातात," प्रज्योत म्हणाला. "जनरेटरचा आवाज बाहेर जायचा तो जातोच. कमी झाला का?"

"न्हाय," काका पुटपुटला. "पण चोर नको म्हणू. तुझ्या बापसानंच दिल्या, पोरी."

गडबड ऐकून धर्मा, प्राप्तीचे बाबा, कुंपणाशी आलेच होते. "हो, दिल्या," ते म्हणाले. "मला वाटलं, पोरांचा खेळ. झाला असेल खेळून."

प्राप्तीला सगळ्यात जास्त राग आला तो आत्ता. काकाचा नाही, बाबांचा. "तुमचीच बहीण आहे ती," ती म्हणाली. "सोमवारनंतर तुम्ही तिला गायला सांगणार आहात? मला एकदा विचारलंत?"

बाबांनी काळ्या चौकटीकडे पाहिलं. तिच्यावरच्या लुगड्याचा हिरवा काठ अर्धा जळला होता. दोन चौकटी त्यांनी खांद्यावर घेतल्या.

"तीन ते पाच जनरेटर बंद," प्राप्तीने काकाला बजावलं.

"अगं, पण पाव्हणे..."

"बंद," बाबा म्हणाले.

सात चौकटी टांगल्या. आठवा खिळा रिकामा. प्राप्तीने गोधडीची घडी बाबांच्या हातात दिली आणि त्यांना खिळ्याखाली उभं केलं. "छातीशी धरायची. हलायचं नाही, खोकायचं नाही."

आत्याने आधी दिवा लावायला लावला, मगच ती गायली. दोन तास गायली. बाबा दोन तास उभे होते.

शेवटी आत्याने हेडफोन लावून ऐकलं. "माझा एकेक शबुद वेगला आयकाय येतो," ती म्हणाली. "पोरांनो, मोठ्यांनाबी जमलं नसतं."

बाबांनी प्राप्तीच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास."

"ते नंतर. पुढच्या वेळी विचाराल?"

"विचारीन."

तिचा राग पुरता गेला नव्हता. तरी तिने हेडफोन त्यांच्या कानाला लावले. "हा धवला आत्याने तुमच्या लग्नात गायला होता."

बाबांनी धवला शेवटपर्यंत ऐकला. मग डोळे पुसून म्हणाले, "शब्द आज पहिल्यांदा कळले गो. तेव्हा मीच बोलावलेला बँड वाजत होता."