बाकीचा राग तुमचाच

"या घरात आता एक तर ती राहील, नाहीतर मी..." जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून तो गरजला, आणि ज्या घरासाठी तिने उभा जन्म चंदनासारखा झिजवला, त्या घरातलं एकही माणूस तिच्या बाजूने बोललं नाही. देव परीक्षा बघतो ती परक्यांकडून नाही हो, घरच्यांच्याच तोंडून बघतो!

अपराध तो काय? नवऱ्याच्या मधुमेहाच्या नव्या गोळ्यांच्या खोक्यात या खेपेला वेगळा कागद निघाला. त्यावर ठळक इशारा होता... जुन्या गोळीच्या जोडीला ही घेतली तर साखर एकाएकी उतरू शकते, वाहन चालवणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. तो बसचालक, आणि दोन्ही गोळ्या घेणारा. "कंपन्यांना भीती घालायची सवयच असते," म्हणत त्याने कागदाचा बोळा करून फेकला. तिने परोपरीने विनवलं. शेवटी बोळा उलगडून सरळ आगारप्रमुखांपुढे नेऊन ठेवला. त्यांनी डॉक्टरांचा दाखला येईपर्यंत त्याला बसवरून उतरवलं, आणि हट्टाला पेटून तो डॉक्टरांकडे गेलाच नाही.

"नवऱ्याच्या पोटावर पाय दिलास," नणंद म्हणाली. "निदान माफी तरी माग."

"नाही मागणार, वन्सं. तुमच्या भावाच्या पाठीमागे बसभर माणसं बसतात, त्यांचीही कुणी घरी वाट बघत असतं. वेळ आली तर पुन्हा जाईन."

"ऐकलंस, ताई? ही... ही बाई..." त्याने दाराकडे बोट दाखवलं. "निघ... आत्ता... आत्ता..."

मुलाने मान खाली घातली. ती मात्र नवऱ्याकडे टक लावून पाहत होती. त्याच्या रागाशी तिची जन्माची ओळख. खऱ्या रागात त्याचा आवाज खाली जायचा, शब्द सुरीसारखे सरळ यायचे. आज शब्द अडखळत होते, ओठावर घाम साचला होता, बोट थरथरत होतं...

तिने पेल्यातल्या पाण्यात मूठभर साखर ढवळली. "जायचं तर जाईन, आधी हे प्या."

"आता गोड पाजून काय उपयोग?" नणंदेने टोमणा मारला.

त्याने पेला ढकलला, अर्धा तिच्या अंगावर सांडला. तिने लेकरासारखी त्याची मान धरून उरलेला घोट घोट पाजला.

हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला. "मी... काय म्हणत होतो?"

"मला हाकलत होतात."

त्याने खाली पाहिलं. समोरच्या ताटाच्या कडा त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरल्या होत्या, बसचं स्टिअरिंग धरावं तशा... "आज मी वळणावर असतो तर..." त्याचे डोळे भरून आले. "अगं, मग इतकी वर्षं तुझ्यावर ओरडलो, तेही या साखरेनेच?"

"सगळं तिच्या नावावर घालू नका," तिची मान ताठच राहिली. "या गोळ्या परवा-परवा आल्या. बाकीचा राग तुमचाच."

रडता रडता मुलाला हसू फुटलं. नणंदेने सांडलेलं पुसायला घेतलं.

"खरं आहे," तो म्हणाला. आवाज खाली गेला होता, पण त्यात सुरी नव्हती. "उद्या डॉक्टरांकडे चल माझ्याबरोबर. तो कागद घे."

"तो आगारात आहे. मीच दिलाय."

"मग आधी आगारात जाऊ. तो मी द्यायला हवा होता, एवढं सगळ्यांदेखत सांगायचंय मला."